रविवर्म्यांची लक्ष्मी कुठून आली?

आमच्या आजीच्या देवघरात एक जुनी तसबीर होती. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, चार हात, पाण्यात हंस, बाजूला हत्ती. कुणीतरी हौसेनं तिच्या साडीच्या काठावर खरी जर शिवली होती आणि दागिन्यांवर टिकल्या चिकटवल्या होत्या. संध्याकाळी दिवा लागला की त्या टिकल्या चमकायच्या. लक्ष्मी म्हणजे अशीच दिसणार, यात मला लहानपणी कधी शंका आली नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं, की लक्ष्मीचं हे रूप रंगवलं गेलं 1896 मध्ये. ज्या देवीची स्तोत्रं हजारो वर्षं म्हटली जातात, तिचा आपल्या डोळ्यांसमोर येणारा चेहरा जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे.

हा चेहरा राजा रविवर्म्यांनी दिला. ते कसं घडलं हे समजून घ्यायचं असेल, तर देवांच्या चित्रांपासून सुरुवात करू नये असं मला वाटतं. आधी त्यांनी काढलेली माणसं पाहावीत. रविवर्मा मूळचे माणसं रंगवणारे चित्रकार. समोर बसलेल्या माणसाच्या गालावर उजेड कसा पडतो, रेशमाला घडी पडली की रंग कुठं गडद होतो, हे त्यांनी आधी साधलं. देव त्यांनी त्याच नजरेनं रंगवले.

त्यांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. मामा राजराजा वर्मा स्वतः चित्रं काढायचे, तंजावर पद्धतीची. (तंजावरची ही शैली तिथल्या भोसले राजांच्या आश्रयानं फुलली, हे आपल्याकडे फारसं कुणी आठवत नाही.) तंजावर चित्रात देव मधोमध बसलेला असतो, भोवती सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, सपाट आणि भरदार रंग. त्यात उजेड एका बाजूनं येत नाही, सावली पडत नाही. तशी गरजही नसते, कारण ते चित्र पूजेसाठी असतं, देव कुठं आणि किती वाजता बसला आहे हे सांगण्यासाठी नसतं.

तेलरंगाचं सगळंच निराळं. पाण्यात कालवलेला रंग पाहता पाहता वाळतो. जवसाच्या तेलात घोटलेला रंग मात्र दिवसच्या दिवस ओला राहतो. म्हणून गालाचा उजळ भाग आणि हनुवटीखालची सावली यांच्यामधली सीमारेषा ब्रशनं हलकेच पुसून टाकता येते. एक रंग दुसऱ्यात विरघळतो आणि कातडी कातडीसारखी दिसू लागते. शिवाय वाळलेल्या रंगावर पातळ, पारदर्शक रंगाचा थर देता येतो. खालचा रंग त्यातून झिरपल्यासारखा दिसतो. मखमलीची खोली, मोत्यातला ओलसर उजेड, जुन्या सोन्याचा मंदपणा, हे सगळं या थरांतून येतं.

पण हे शिकवणार कोण? त्रावणकोरचे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी या मुलाला दरबारी जागा दिली, तरी तेलरंगाची विद्या जाणणारे दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू ती सांगायला तयार नव्हते. त्यांच्याच एका शिष्यानं, आरुमुगम पिल्लै यांनी, गुपचूप थोडं दाखवलं. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार महाराजांचं चित्र काढायला आला. त्यानंही शिकवलं नाही. काम करताना पाहू दिलं, एवढंच. रविवर्म्यांनी पाहिलं. बाकीचं घरी येऊन, चुकत, खोडत स्वतःच साधलं. कुठल्या कलाशाळेचा त्यांना हात लागला नव्हता.

आता त्या काळातल्या व्यक्तिचित्राविषयी. कॅमेरा भारतात येऊन बरीच वर्षं झाली होती, राजेरजवाडे फोटो काढून घेत होते. मग हजारो रुपये मोजून तैलचित्र कशाला? कारण फोटो लहान, काळा-पांढरा आणि निर्दय. तैलचित्र पुरुषभर उंचीचं, रंगीत, दरबारात टांगता येईल असं. त्याचे संकेत युरोपातून आले होते. मागं जड पडदा, एखादा खांब, पायाखाली गालिचा, एक हात तलवारीच्या मुठीवर किंवा टेबलावर. बघणाऱ्याला क्षणात कळावं की हा सत्ताधीश आहे. रविवर्म्यांनी हे संकेत उचलले. पण त्यांच्या दरबारी चित्रांत मला सर्वांत जिवंत वाटतात ते दागिने आणि कपडे. पगडीवरचा शिरपेच, गळ्यातले मोत्यांचे सर, जरीचा जडपणा. हे ज्याच्या घरात वापरात असतं त्यालाच असं रंगवता येतं. जेन्सनसारख्या पाहुण्याला राजा दिसत होता. रविवर्म्यांना त्याच्या अंगावरचा प्रत्येक अलंकार नावानिशी ठाऊक होता.

1873 मध्ये केसांत फुलं माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्यांचं कौतुक झालं. मद्रासचा गव्हर्नर बकिंगहॅमनं त्यांची पत्र लिहिणारी शकुंतला विकत घेतली. नाव झालं. मग आलं बडोदं, आणि इथून ही गोष्ट आपल्या अंगणात येते.

बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे तंजावर-मराठी गृहस्थ. आधी ते त्रावणकोरचे दिवाण होते, त्यामुळं रविवर्म्यांची कला त्यांना ठाऊक होती. 1881 मध्ये तरुण सयाजीराव गायकवाडांच्या हाती राज्यकारभार आला, त्या समारंभासाठी रविवर्म्यांना बोलावणं गेलं. रविवर्मा धाकटे भाऊ सी. राजराजा वर्मा यांच्यासह बडोद्यात आले, काही महिने राहिले, राजघराण्याची चित्रं काढली. हा भाऊ म्हणजे त्यांचा दुसरा हातच. निसर्गदृश्यं त्याची विशेष चांगली. अनेक मोठ्या चित्रांत मागचं आभाळ, झाडं, पाणी यांत त्याचा वाटा आहे. त्यानं इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी शिल्लक आहे, म्हणून या दोघांच्या कामाची रीत आपल्याला कळते.

1888 मध्ये सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रं सांगितली, मोबदला पन्नास हजार रुपये. इथं रविवर्म्यांपुढं एक अवघड प्रश्न उभा राहिला. राजाचं चित्र काढताना राजा समोर बसतो. दमयंती कुठून आणायची? ती नेसायची काय? मल्याळी स्त्रीचं पांढरं मुंडू दमयंतीला नेसवलं, तर बडोद्याच्या माणसाला ती दमयंती वाटणार नाही. उत्तर भारतातला घागरा घातला, तर त्रावणकोरला परकी वाटेल. दोघे भाऊ उत्तरेत फिरून आले. सगळ्या देशात चालेल असा एकच प्राचीन वेष कुठंच सापडला नाही. मग त्यांनी साडी निवडली. आमच्याकडच्या बायकांची नेसण्याची ढब त्यांच्या कितीतरी चित्रांत ओळखू येते. निऱ्या, पदराचा झोक, काठाची रुंदी. आज पुराणातली कुठलीही स्त्री म्हटली की साडीतलीच बाई डोळ्यांपुढं येते, ती सवय बऱ्याच अंशी इथून लागली.

समोर बसायला माणसंही खरीच लागत. मुंबईतल्या गाणाऱ्या कलावंत स्त्रियांचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. गोव्याकडच्या राजीबाई मूळगावकर यांचं नाव त्यात घेतलं जातं. देवीसाठी बसणाऱ्या या स्त्रियांना त्या काळच्या समाजानं काय मान दिला असेल, याचा विचार मनात आला की मला त्या चित्रांपुढं उभं राहवत नाही. त्यांचे चेहरे घराघरांत पुजले गेले आणि नावं बहुतेकींची हरवली.

आता या चित्रांची रचना पाहू. त्यांत दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे धरले पाहिजेत. पहिला प्रकार प्रसंगाचा. गंगा आठवं मूल नदीत सोडायला निघाली आहे आणि शंतनू तिला अडवतो आहे. मेनका तान्ही मुलगी पुढं करते आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवतो आहे. रावणानं जटायूचा पंख छाटला आहे. धरणी सीतेला घेऊन चालली आहे. एका लांबलचक कथेतला नेमका कुठला क्षण धरायचा, ही या प्रकारातली खरी कसोटी. क्षण असा हवा की आधीचं सगळं आठवावं आणि पुढचं सगळं दिसावं. ही रीत युरोपातल्या ऐतिहासिक चित्रांची. पण तिला आपल्या रंगभूमीची साथ होती. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल गाण्यांसह मराठी रंगमंचावर आणलं. पुराणातली पात्रं खऱ्या माणसांच्या अंगानं, दिव्यांच्या उजेडात उभी राहिलेली लोक पाहत होते. रविवर्म्यांच्या चित्रांतला पडद्यासारखा मागचा देखावा, हातांचे ठाम हावभाव, हे त्या प्रेक्षकाला परकं वाटण्याचं कारण नव्हतं.

याच प्रकारातली त्यांची 1898 ची शकुंतला सगळ्यांनी पाहिलेली असते. पायात दर्भ टोचल्याचा बहाणा करून ती थांबली आहे, मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवला आहे आणि मान वळवून मागं पाहते आहे. कुणाकडे? दुष्यंताकडे. पण दुष्यंत चित्रात नाही. तो चौकटीबाहेर, जिथं बघणारा त्याला कल्पनेनं उभा करतो तिथं आहे. आता त्यांचं 1893 चं एक व्यक्तिचित्र आठवा. एक तरुण आई मुलाला कडेवर घेऊन उभी आहे, पायाशी कुत्रं आहे, आणि ती बोट दाखवून मुलाला सांगते आहे, ‘ते बघ, बाबा आले!’ ही त्यांची स्वतःची मुलगी महाप्रभा. इथंही बाबा चित्रात नाहीत. हंसाशी बोलणारी दमयंतीही नळाचाच विचार करते आहे, आणि नळ कुठं दिसत नाही.

तीन चित्रं, एक कौटुंबिक, दोन पुराणातली, आणि तिन्हींत एकच युक्ती. ज्याची वाट पाहिली जाते आहे त्याला दाखवायचं नाही, वाट पाहणारीचा चेहरा दाखवायचा. हे लक्षात आलं तेव्हापासून ‘रविवर्म्यांची व्यक्तिचित्रं’ आणि ‘रविवर्म्यांची धार्मिक चित्रं’ असे दोन कप्पे मला करता आलेले नाहीत. घरच्या मुलीला पाहणारे डोळे आणि शकुंतलेला पाहणारे डोळे एकच आहेत.

दुसरा प्रकार दर्शनाचा. 1896 ची लक्ष्मी आणि त्याच वर्षाची सरस्वती. इथं कथा नाही, काही घडत नाही. देवी समोर आहे आणि आपण तिच्यासमोर आहोत. सरस्वती नदीकाठच्या खडकावर बसली आहे, पांढरी साडी, हातात वीणा, जवळ मोर. चार हात आहेत, म्हणजे शास्त्रातली खूण राखली आहे. पण खांद्याची गोलाई, मांडीवर पडलेलं कापड, चेहऱ्यावरचा उजेड सगळं एखाद्या घरंदाज स्त्रीच्या व्यक्तिचित्रातलं. चार हातांची बाई अशी रंगवायची की ते चार हात खटकू नयेत, ही फार कठीण गोष्ट आहे. मागचे दोन हात खांद्यातून नेमके कुठून निघतात, हे त्यांनी पदरानं आणि सावलीनं इतकं अलगद झाकलं आहे की आपल्याला ते विचारावंसंच वाटत नाही.

ही चित्रं राजवाड्यातच राहिली असती तर मी आज हे लिहीत नसतो. माधवरावांनी 1884 मध्येच रविवर्म्यांना सुचवलं होतं, की तुमची चित्रं हवी असणारे पुष्कळ आहेत, तुमचे हात दोनच, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्या. छापील देव त्याआधी नव्हते असं नाही. पुण्याचा चित्रशाळा छापखाना 1878 पासून देवादिकांची आणि पेशव्यांची चित्रं छापत होता. रविवर्म्यांनी मात्र युरोपात न जाता छापखानाच मुंबईत आणला. 1894 मध्ये गिरगावात गोवर्धनदास खटाव यांच्या भागीदारीत तो सुरू झाला, यंत्रं आणि कारागीर जर्मनीतून आले. पहिलं छापलेलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं.

हे छापण्याचं तंत्र शिळाछापाचं. ते समजायला एकच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातून आणलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या जड शिळेवर कारागीर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढतो, तेही उलटं. मग डिंक आणि थोडं आम्ल लावून शिळा तयार करतात आणि ओली करतात. जिथं तेलकट रेघ आहे तिथं पाणी टिकत नाही, बाकी शिळा पाणी धरून ठेवते. आता तेलकट छपाईची शाई फिरवली की ती फक्त रेघांवर बसते. कागद दाबला की चित्र उमटतं.

पण ही झाली एका रंगाची गोष्ट. लक्ष्मीच्या साडीच्या लालीला एक शिळा, तिच्यातल्या गडद सावलीला दुसरी, अंगाच्या रंगाला हलक्या-गडद छटांच्या आणखी काही, पाण्याच्या निळ्याला निराळी. मूळ तैलचित्रात एकमेकांत विरघळलेले रंग कारागिरानं डोळ्यांनी सुटे करायचे आणि प्रत्येकाची शिळा हातानं, बारीक ठिपके देत देत रेखायची. तोच कागद प्रत्येक शिळेखालून जाणार. एखादी शिळा केसभर सरकली तरी ओठ चेहऱ्याबाहेर जातात. शेवटी रोगण चढवून आणि काही वेळा कागदावर कॅनव्हाससारखा पोत दाबून त्याला तैलचित्राची झाक देत. म्हणून त्याचं नाव ओलिओग्राफ, म्हणजे तेलचित्रासारखं दिसणारं छापचित्र. रविवर्म्यांच्या नावाखाली घराघरांत गेलेल्या चित्रांत या ठिपके देणाऱ्या कारागिरांचे डोळे खर्ची पडले आहेत, आणि त्यांचा उल्लेख फार कमी होतो.

मुंबईत प्लेग आला. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. धंदा म्हणून तो दोघा भावांना झेपला नाही. तोटा वाढला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, चित्रांच्या हक्कांसकट. श्लायशरनं तो नीट चालवला. कॅलेंडरं, जाहिराती, मालावरची लेबलं असं सगळं तिथं छापलं जाऊ लागलं. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम करत होते. 1913 मध्ये त्यांनी हरिश्चंद्राला पडद्यावर आणलं, त्याआधी पुराणातली माणसं छापील रूपात त्यांच्या हाताखालून गेली होती. मळवलीचा छापखाना 1972 च्या आगीत जळाला.

विक्रीनंतर छापखान्यातून निघालेली कितीतरी चित्रं दुसऱ्या चित्रकारांची आहेत, तरी लोकांच्या तोंडी ती सगळी रविवर्म्यांचीच. आपल्याकडचा याहून मोठा घोटाळा हातात समई घेतलेल्या बाईच्या चित्राचा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे आणि तेही रविवर्मा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, जलरंगात काढलेलं. तरी ते रविवर्म्यांच्या नावावर सर्रास फिरतं. हळदणकरांचं श्रेय हळदणकरांना मिळालंच पाहिजे.

छापचित्रांचं मोल मला त्यांच्या किमतीत दिसतं. ती स्वस्त होती. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांनाही लक्ष्मीची तसबीर विकत आणून भिंतीला लावता येत होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 चा, त्रावणकोरनं सरकारी देवळं सर्व हिंदूंना उघडली ती 1936 मध्ये. कागदावरचे देव त्याच्या कितीतरी आधी उंबऱ्याच्या आत गेले होते. रविवर्म्यांनी समाजसुधारणेसाठी छापखाना काढला नव्हता, हे खरं. तरी घडलं ते घडलं.

टीकाही झाली, आणि कडक झाली. बंगालमधल्या नव्या कलाविचारानं, त्यात आनंद कुमारस्वामींनी 1907 मध्ये, लिहिलं की ही चित्रं नाटकी आहेत, त्यांच्यात भारतीय कल्पनेची उंची नाही, देवांना माणसांच्या पातळीवर उतरवलं आहे. त्यातला पहिला भाग मला पटतो. काही प्रसंगचित्रांत हावभाव फारच रंगमंचावरचे आहेत, डोळे मोठे करून बघणारी पात्रं कंटाळा आणतात. दुसरा भाग मात्र उलटा वाचावासा वाटतो. देव माणसासारखे रंगवले, म्हणूनच ते देव्हाऱ्यात सामावले. माझ्या आजीला लक्ष्मीशी बोलता यायचं ते याच रूपामुळं. अजिंठ्याच्या भिंतीपुढं ती नक्कीच गप्प झाली असती.

2 ऑक्टोबर 1906 ला रविवर्मा गेले. भाऊ आदल्याच वर्षी गेला होता. 1904 मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी सांगितलेली पौराणिक चित्रं हे त्यांचं शेवटचं मोठं काम. 1979 मध्ये भारत सरकारनं त्यांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरवली, म्हणून मूळ चित्र देशाबाहेर नेता येत नाही. ज्यांना मूळ चित्रं पाहायची आहेत त्यांनी बडोदं, म्हैसूर आणि तिरुवनंतपुरम गाठावं. फोनच्या पडद्यावर मोत्याचा सर पांढरे ठिपके होऊन जातो. समोर उभं राहिलं की प्रत्येक मोत्याला स्वतःची सावली दिसते.

घरात जुनी तसबीर असेल तर भिंग घेऊन लक्ष्मीचा गाल पाहा. बारीक रंगीत ठिपके दिसले तर ते शिळाछापाचं चित्र. खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का तेही बघा, चौकटीत ते बऱ्याचदा दडलेलं असतं. ओल्या फडक्यानं पुसू नका, थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका. मागची जुनी लाकडी फळी कागदाला पिवळा करते, ती बदलून घ्या, आणि काच कागदाला चिकटणार नाही एवढी फट राखायला तसबीरवाल्याला सांगा. कुणी साडीवर खरी जर शिवलेली असेल, टिकल्या लावलेल्या असतील, तर त्या काढू नका.